पांढऱ्या बगळ्यांची ओळख

महाराष्ट्रातील तळी, भातखाचरे आणि खाड्यांच्या परिसरात पांढऱ्या बगळ्यांच्या चार जाती प्रामुख्याने आढळतात: गायबगळा, लहान बगळा, मध्यम बगळा आणि मोठा बगळा. एरवी चारही शुभ्र दिसत असल्याने आकारमान, चोच, पाय व जिवणी यांवरून ते ओळखले जातात.

गायबगळा सर्वांत लहान असून त्याची मान आखूड व जाड आणि चोच पिवळी असते. तो बहुधा चरणाऱ्या गुरांमागे कीटक टिपताना दिसतो. विणीच्या हंगामात त्याचे डोके, मान व पाठ केशरी होते. लहान बगळ्याची चोच व पाय काळे, परंतु बोटे पिवळी असतात.

मध्यम व मोठ्या बगळ्याची चोच एरवी पिवळी असते. विणीच्या हंगामात मात्र ती काळी होते. अशा वेळी केवळ चोच पाहून त्यांना लहान बगळा समजण्याची चूक होते. परंतु त्यांची बोटे काळीच असतात. या दोहोंतील भेद जिवणीच्या रेषेवरून कळतो. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्याही मागे जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच संपते. रंग ऋतुमानाप्रमाणे पालटतो, ही खूण मात्र वर्षभर कायम राहते.