बटाट्याची सालं, केळीचं पान आणि आपण

मैत्रिणींनो, भाजलं की काय लावायचं, असं विचारा; प्रत्येकीकडे उत्तर तयार असतं. आमच्या पंचवटीतल्या भिशीत परवा विषय निघाला, तर टूथपेस्ट, हळद, शाई, बटाट्याचा कीस अशी यादीच झाली. ‘आजीच्या वेळेपासून चालत आलंय, खोटं कसं असेल?’ एकीनं विचारलं. प्रश्न रास्त होता.

आणि गंमत म्हणजे स्वयंपाकघरातल्या वस्तूंवर आपल्याच महाराष्ट्रात खरंखुरं संशोधन झालंय. मुंबईच्या वाडिया रुग्णालयातल्या डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरून पाहिली. साल जखमेला चिकटत नाही, ओलावा टिकतो, पट्टी बदलताना जीव जात नाही. सोलापूरच्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांचे दोन गट केले. एकाला मध, दुसऱ्याला नेहमीचं चांदीयुक्त मलम. १९९१ मध्ये निष्कर्ष आले : पंधरा दिवसांत मधाच्या गटात ८७ टक्के जखमा भरल्या, मलमाच्या गटात १० टक्के. पुढे सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी तपासली. ती सालींइतकीच गुणकारी आणि कितीतरी स्वस्त ठरली.

म्हणजे आजी बरोबरच की! पण थांबा. या साली गॉझवर पसरून, यंत्रात निर्जंतुक करून लावल्या होत्या. जखम किती खोल, हे डॉक्टरांनी आधी पाहिलं होतं. आपल्या ओट्यावरचा कच्चा कीस आणि बरणीतला मध म्हणजे ते औषध नव्हे.

आमच्या शेजारच्या वहिनींच्या हातावर चकल्या तळताना तेल उडालं. घरच्यांनी मायेनंच टूथपेस्ट थापली. दवाखान्यात जखम बघायची, तर आधी ती वाळलेली पेस्ट काढावी लागली. तेलानं भाजलं तेव्हा ओरडल्या नव्हत्या, एवढ्या तेव्हा ओरडल्या.

मग करायचं काय? नळाच्या गार पाण्याच्या धारेखाली वीस मिनिटं हात धरायचा. बर्फ नको. सूज यायच्या आत बांगड्या, अंगठ्या काढायच्या. स्वच्छ कापड सैलसर झाकायचं आणि डॉक्टर गाठायचा. चेहरा, हात, सांधे भाजले असतील किंवा लहान मूल असेल, तर मुळीच वेळ काढायचा नाही.

फार मोठा भाग भाजला, तर झाकायला रुग्णाची स्वतःची त्वचाही पुरत नाही. अशा वेळी दान मिळालेली त्वचा तात्पुरतं पांघरूण होते. तेवढ्या दिवसांत जीव वाचू शकतो. सायनला २००० साली त्वचापेढी सुरू झाली ती त्यासाठीच. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांडी, पाय किंवा पाठीवरचा पातळ थर घेतात. देह विद्रूप होत नाही आणि रक्तगटही जुळावा लागत नाही.

नेत्रदानाचा अर्ज आपल्यापैकी अनेकींनी भरलाय. आता जवळची त्वचापेढी कुठे आहे, तेही विचारून ठेवा. तिचा नंबर गॅसच्या नंबरशेजारी लिहा. घरातल्यांना सांगायला मात्र विसरू नका, कारण त्या वेळी फोन त्यांनाच करायचाय.