रस्तायोग्यता चाचणी व वापरलेल्या लहान मोटारीची विश्वासार्हता : ब्रिटनमधील 'एमओटी' नोंदींच्या संदर्भात

प्रस्तावना

वापरलेली लहान मोटार विकत घेणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात. ही गाडी आज रस्त्यावर नेण्यास सुरक्षित आहे काय, हा पहिला. आणि पुढील काही वर्षे ती वारंवार गॅरेजची पायरी चढावयास लावणार नाही ना, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर रस्तायोग्यता चाचणी देते. मात्र त्याच चाचणीच्या निकालांवरून दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर काढण्याची प्रथा युरोपात रूढ आहे. चाचणीत उत्तीर्ण होणाऱ्या गाड्यांची टक्केवारी काढून 'विश्वासार्ह' मॉडेलांच्या याद्या प्रसिद्ध होतात आणि बेताचे उत्पन्न असलेली कुटुंबे त्या पाहून आपली बचत खर्च करतात. ही टक्केवारी नेमके काय सांगते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चाचणी काय तपासते?

ब्रिटनमध्ये ही चाचणी 1960 साली सुरू झाली. त्या वेळच्या परिवहन मंत्रालयाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'एमओटी' म्हणू लागले. मंत्रालयाचे नाव पुढे बदलले, चाचणीचे तेच राहिले. प्रारंभी दहा वर्षांहून जुन्या वाहनांचे ब्रेक, दिवे व स्टिअरिंग एवढेच तपासले जाई. नापास होणाऱ्या वाहनांचे प्रमाण इतके मोठे निघाले की वयाची मर्यादा लवकरच सात वर्षांवर आणि 1967 साली तीन वर्षांवर आणावी लागली. टायरची तपासणी 1968 साली समाविष्ट झाली. आज तिसऱ्या वर्षी पहिली व त्यानंतर दर वर्षी एक, असा ग्रेट ब्रिटनमधील नियम आहे.

तपासणीत ब्रेक, टायर, दिवे, सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीटबेल्ट, सांगाड्याचा गंज, धूर इत्यादी बाबी येतात. इंजिन, क्लच व गिअरबॉक्स यांची स्थिती मात्र तपासली जात नाही. शिवाय परीक्षकाला कोणताही भाग उघडून पाहता येत नाही. परिणामी घसरणाऱ्या क्लचची गाडी उत्तीर्ण होऊ शकते आणि उत्तम इंजिनाची गाडी हेडलाईटचा एक दिवा गेल्याने नापास होते. खरेदीदाराच्या खिशाला सर्वांत मोठी झळ ज्या भागांमुळे लागते, नेमके तेच भाग चाचणीच्या कक्षेबाहेर आहेत. नापास होण्याची नेहमीची कारणे म्हणजे दिवे, सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर. यांपैकी दिवे व टायर हे कारखान्याच्या गुणवत्तेपेक्षा मालकाच्या निगराणीवर अवलंबून असतात. टायरवरील नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी झाली असेल तर त्याचा दोष मोटार बनविणाऱ्याला देता येणार नाही.

एक मोटार, तीन नावे

हा मुद्दा स्पष्ट करणारे एक उदाहरण भारताशी थेट निगडित आहे. मारुती सुझुकीच्या हरियाणातील मानेसर कारखान्यात तयार झालेली एक लहान मोटार नोव्हेंबर 2008 मध्ये भारतात 'ए-स्टार' या नावाने आली. 2009 पासून तीच मोटार युरोपात 'सुझुकी अल्टो' म्हणून विकली गेली. (भारतीय रस्त्यांवर दिसणारी अल्टो ती ही नव्हे.) याच मोटारीचा दर्शनी भाग थोडा बदलून तिची 'निसान पिक्सो' करण्यात आली. तीन सिलिंडरांचे 996 सीसीचे इंजिन, सांगाडा व कारखाना सर्व एकच.

आता अल्टो आणि पिक्सो यांच्या एमओटी निकालांत एखाद्या वर्षी फरक आढळला, तर त्याचा अर्थ काय लावावा? रचनेतील फरक हे कारण जवळजवळ बाद होते. उरतात ती कारणे मालकाची: गाडी किती किलोमीटर धावली, खारट हवेच्या किनाऱ्यावर राहिली की कोरड्या भागात, मालक चाचणीपूर्वी ती गॅरेजमध्ये दाखवून घेतो की चाचणीलाच दोष शोधण्याचे स्वस्त साधन मानतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोटारींची तुलना करतानाही हीच कारणे आत दडलेली असतात. फक्त तेथे ती रचनेच्या गुणदोषांत मिसळून जातात. उलट, निर्मितीतील दोष चाचणीची वाट पाहत नाही. इंधनगळतीच्या शक्यतेमुळे मारुतीने सुमारे 1 लाख ए-स्टार गाड्या फेब्रुवारी 2010 मध्ये दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्या वेळी युरोपात विकलेल्या एकाही अल्टोची पहिली एमओटी व्हायची होती.

टक्केवारीची विश्वसनीयता

आकडा काढण्याची रीतही निकाल बदलते. चाचणीत सापडलेला किरकोळ दोष परीक्षकाने तासाभरात तेथेच दूर केला तर त्याची स्वतंत्र वर्गात नोंद होते. अशी गाडी उत्तीर्ण मानावी की नापास, यावर मॉडेलची टक्केवारी हलते. दुसरे असे की, भंगारात गेलेली गाडी चाचणीस येतच नाही. त्यामुळे बारा-चौदा वर्षे वयाच्या गटात तगून राहिलेल्या, म्हणजे तुलनेने सांभाळलेल्या गाड्याच मोजल्या जातात. निकषही सर्वांना समान नसतात: 1 सप्टेंबर 2010 पासून वापरात आलेल्या मोटारीला पायब्रेकची किमान कार्यक्षमता 58 टक्के लागते, त्याआधीच्या मोटारीला 50 टक्के. म्हणजे 2009 ची अल्टो ज्या ब्रेकवर उत्तीर्ण होते, त्याच ब्रेकवर 2011 ची अल्टो नापास होऊ शकते.

परीक्षक हाही एक घटक आहे. ब्रिटनमध्ये बहुतेक चाचण्या खाजगी गॅरेजमध्ये होतात आणि दुरुस्तीही तेच करतात. या हितसंबंधांमुळे सरकारी अभिकरण नुकत्याच तपासलेल्या गाड्यांचा यादृच्छिक नमुना घेऊन त्यांची फेरतपासणी करते. जर्मनीत तपासणी करणाऱ्या संस्था दुरुस्तीपासून अलग ठेवल्या आहेत; ही व्यवस्था तत्त्वतः अधिक निर्दोष म्हणावी लागेल.

मॉडेलच्या सरासरीपेक्षा एकेका गाडीचा इतिहास खरेदीदाराला अधिक उपयोगी पडतो, आणि तो तेथे उपलब्ध आहे. 2005 नंतर नोंदी संगणकावर आल्या. वाहनाचा क्रमांक घातला की प्रत्येक चाचणीचा निकाल, त्या दिवशीचे अंतरमापकाचे वाचन व परीक्षकाच्या सूचना कोणालाही विनामूल्य पाहता येतात. अंतरमापक मागे फिरविण्याची लबाडी अशा नोंदींत सहज उघडी पडते. मागचा ब्रेकपाईप गंजल्याची सूचना सलग तीन वर्षे दिसत असेल, तर गाडीपेक्षा मालकाचीच अधिक ओळख पटते.

भारतातील खाजगी मोटारीबाबत असा इतिहास तयारच होत नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 नुसार तिची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते आणि योग्यता तपासणी नूतनीकरणाच्या वेळी होते. दरम्यान लागणारे पीयूसी प्रमाणपत्र केवळ धुराविषयी बोलते. स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम 2021 मध्ये झाले, तरी खाजगी मोटारीच्या बाबतीत पंधरा वर्षांचा कालावधी कायम आहे. 2009 साली मानेसरहून ब्रिटनला गेलेली अल्टो 2024 मध्ये तेराव्या चाचणीस सामोरी गेली. जर्मनीत ती सातवी ठरली. त्याच वर्षी पुण्यात नोंदलेल्या ए-स्टारची मात्र ती पहिलीच होती. तोपर्यंत ही गाडी दोन-तीन हातांतून गेली असली, तरी तिच्या ब्रेकची अवस्था कधी काय होती याची कोणतीही सरकारी नोंद खरेदीदारापुढे नसते. तो ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेतो, आणि मेकॅनिक कानाने इंजिन ऐकतो.