ताकद आहे, पण वाट नाही

घरात कुणाला कर्करोग झाला की पहिला प्रश्न येतो, "प्रतिकारशक्ती वाढवायला काय द्यावं?" प्रश्न मायेचा आहे, पण अपुरा आहे. कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या टी पेशी रक्तात असल्या, तरी त्या गाठीच्या आत पोचायला हव्यात. पंचाईत होते ती तिथे.

गाठ मोहरीएवढी असते, तोवर शेजारच्या वाहिन्यांतून झिरपणारा ऑक्सिजन तिला पुरतो. एक-दोन मिलिमीटरपुढे वाढायला तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात, असं अमेरिकी सर्जन जुडा फोकमन यांनी 1971 साली मांडलं. घुसमटलेल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि जवळच्या वाहिनीला कोंब फुटतात. व्हीईजीएफचा मारा थांबतच नाही, म्हणून या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या होतात. झिरपलेल्या पाण्याचा निचरा होत नाही, आतला दाब वाढतो आणि गाठीचे कित्येक कोपरे ऑक्सिजनवाचून राहतात.

आता एका टी पेशीमागे जाऊ. एरवी सूज आलेल्या जागी वाहिनीच्या अस्तरावर चिकट रेणू उगवतात. वाहत आलेली टी पेशी त्यांना अडखळते, गडगडत मंदावते, घट्ट धरून थांबते आणि चपटी होऊन अस्तराच्या फटीतून पलीकडे सरकते. गाठीत व्हीईजीएफमुळे हे रेणूच कमी होतात. धरायला काही नसल्यामुळे ती रक्ताबरोबर पुढे निघून जाते. आत शिरलीच, तर कमी ऑक्सिजन आणि साचलेलं लॅक्टिक आम्ल तिला निष्प्रभ करतं, आणि प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या पेशींचं फावतं.

मग या वाहिन्या पार तोडाव्यात का? तशाने घुसमट आणखी वाढू शकते. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या आणि बॉस्टनमध्ये संशोधन करणाऱ्या राकेश जैन यांनी 2001 साली वेगळा विचार मांडला: व्हीईजीएफला बेताने आवर घातला, तर वाहिन्या काही काळ सुधारतात. गळती कमी होते, दाब उतरतो, रक्त नीट खेळतं; मग टी पेशींनाही आत शिरायला वाट मिळू शकते.

व्हीईजीएफ रोखणारं बेव्हासिझुमॅब आणि टी पेशींवरचा लगाम सोडवणारं अटेझोलिझुमॅब ही जोडी 501 रुग्णांच्या चाचणीत यकृताच्या वाढलेल्या कर्करोगावर तेव्हाच्या नेहमीच्या सोराफेनिबहून सरस ठरली. 2020 साली अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली.

म्हणून डॉक्टरांनी दोन औषधं एकत्र लिहून दिली, तर प्रत्येकाचं काम काय, हे जरूर विचारा. एक टी पेशींना बळ देणारं असेल, तर दुसरं त्यांची वाट मोकळी करणारं असू शकतं.