एका संगणकाचा आवाज दुसऱ्या संगणकावर

ज्या शाळेत दोन संगणक एकाच जाळ्याने जोडलेले आहेत, तेथे एका खोलीत लावलेली कविता शेजारच्या खोलीतील मुलांनाही ऐकविता येते. त्यासाठी व्हीएलसी ही विनामूल्य आज्ञावली पुरते. पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये आरंभिलेल्या उपक्रमातून ती निर्माण झाली. परंतु आवाज मध्येच तुटू लागला की शिक्षकबंधुभगिनी यंत्रास दोष देऊन तो नाद सोडून देतात. म्हणून तो का तुटतो, हे समजून घेणे इष्ट होय.

संगणक ध्वनीचे मोजमाप करून त्याचे आकडे बनवितो. ध्वनितबकडीच्या प्रतीच्या आवाजासाठी हे मोजमाप दर सेकंदास ४४,१०० वेळा होते. डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंचे मिळून दर सेकंदास १४,११,२०० बिट होतात. ते लहान लहान पाकिटांत भरून, प्रत्येकावर अनुक्रमांक व वेळ घालून धाडले जातात. तारेवरून ती बहुधा नियमित पोचतात; वाय-फायवर मात्र काही रेंगाळतात, काही गहाळ होतात. गहाळ पाकीट बहुधा पुन्हा मागविले जात नाही. श्रुतलेखनात पुढचे वाक्य सुरू झाल्यावर मागचा शब्द सांगून काय उपयोग?

यावर उपाय म्हणजे बफर, अर्थात आगाऊ साठा. नळाला पाणी अवेळी येते म्हणून आपण रांजण भरून ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. रांजण लहान असेल तर आवाज तुटतो, मोठा असेल तर उशिरा ऐकू येतो. दोन्ही सोयी एकदम मिळत नाहीत. निवड शिक्षकाने करावयाची असते.

माझ्या मते कविता व गोष्टी यांसाठी दोन सेकंदांचा विलंब खुशाल पत्करावा. व्यंजनाचा उच्चार क्षणार्धात संपतो. तेवढाच भाग गळाला तर ‘बाळ’ आणि ‘बाल’ यांतील भेद मुलांच्या कानी पडणारच नाही. ध्वनिग्राहकावरून प्रश्नोत्तरे चालावयाची असतील तर मात्र साठा कमी ठेवावा, आणि दोन्ही संगणक तारेनेच जोडावे. तार नसल्यास ध्वनी एमपी३ रूपात, सेकंदास १,२८,००० बिट या प्रमाणात धाडावा. भार सुमारे अकरावा हिस्सा उरतो.

दोन्ही खोल्यांतील ध्वनिवर्धक एकमेकांस ऐकू जात असतील तर प्रतिध्वनीसारखा गोंधळ होतो. अशा वेळी मधले दार लावून घ्यावे.