रिकामी वाटणारी बंदूक



गळीत हंगाम संपला की कारखान्यात मिल खोलतात, बेअरिंगे धुऊन-पुसून परत बसवतात. बाहेरून धडधाकट दिसते म्हणून कोणी सोडून देत नाही. घरातल्या परवान्याच्या बंदुकीला मात्र आपण खंडेनवमीला हळद-कुंकू वाहतो आणि परत कपाटात ठेवतो. आत काय चाललंय, ते वर्षानुवर्षे कोणी बघत नाही.

आम्ही पालघर तालुक्यातल्या एडवणचे. आमच्याकडे ऊस नाही, पण दाराशी समुद्र आहे, म्हणून गंज आम्हाला चांगला ठाऊक. खाऱ्या वाऱ्याने कडी-कोयंडासुद्धा टिकत नाही. तुमच्याकडे हेच काम पाटाच्या पाण्याची ओल आणि पावसाळा करतो. सावकाश करतो, एवढाच फरक.

दुनळी बंदूक मोडली की दोन्ही नळ्यांतून उजेड दिसतो, संशय राहत नाही. पंप-अ‍ॅक्शनचे तसे नाही. हिच्या नळीखाली दुसरी नळी असते. तिच्यात काडतुसे एकामागे एक बसतात. पुढच्या बाजूला लांब स्प्रिंग आणि तिच्या टोकाला एक टोपी असते. स्प्रिंग टोपीला रेटते आणि टोपी काडतुसांना मागे ढकलते. पुढची मूठ मागे-पुढे केली की एकेक काडतूस वर चढते.

आता या नळीला आतून गंज धरला, की टोपी मध्येच अडकते. मूठ चारदा ओढली तरी काही बाहेर येत नाही. माणूस म्हणतो, झाली रिकामी. पण काडतूस आतच असते. पुढे कुठे धक्का बसला की टोपी सुटते, आणि पुढच्या ओढीला ते काडतूस घरात जाऊन बसते. असे अपघात म्हणूनच ‘रिकाम्या’ बंदुकीने होतात.

तेव्हा साफसफाई अशी करावी. काडतुसे आधी दुसऱ्या खोलीत ठेवावीत. पोरांना बाहेर पाठवावे. तोंड सुरक्षित दिशेला, सेफ्टी लावलेली, बोट चापापासून दूर. मूठ ओढून घर उघडावे, डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे. खालच्या नळीच्या तोंडाशी टोपी दिसली तरच पुढे जावे. दिसली नाही, तर तिथेच थांबून परवानाधारक कारागीर गाठावा.

मग पुढचे टोपण हाताने फिरवून काढावे आणि नळी उतरवावी. काही बंदुकांत खालच्या नळीचे तोंड बंदच असते. तिथे जोर करू नये, सोबतच्या पुस्तकाप्रमाणे चालावे. स्प्रिंग दाबलेली असते, सुटली तर डोळाच फुटायचा. तोंड बाजूला करून, वर फडके धरून तिला हळूहळू बाहेर येऊ द्यावे.

काठीला सुती फडके गुंडाळून नळी पुसावी. तांबूस डाग निघाले तर पातळ तेलाचा ब्रश फिरवून पुन्हा कोरडी करावी. तेलाचा फक्त हात राहावा; जास्त तेल काडतुसाच्या बुडात उतरले तर बार फुसका जातो. खोबरेल गोठते, ग्रीस धूळ धरते, दोन्ही नकोत. स्प्रिंग ढिली वाटली म्हणून ओढून लांब करू नये, नवीनच घ्यावी. नळी कलती केली की टोपी आपोआप सरकली पाहिजे. जोडताना टोपण हातानेच आवळावे, पान्याने नव्हे. चाचणी खऱ्या काडतुसाने घरात कधीच घेऊ नये.

निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आली की, आणि पावसाळा सरला की, हे जरूर करावे. साफसफाई आपली, दुरुस्ती मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवानाधारक कारागिराचीच. आणि परवाना खिशात आहे म्हणून उसातल्या रानडुकरावर बार काढता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आधी वनखात्याची परवानगी लागते.

ऊस डुकराने खाल्ला तर पुढल्या वर्षी पुन्हा येतो. घरातले माणूस येत नाही. म्हणून टोपी डोळ्यांनी दिसेपर्यंत बंदूक भरलेलीच समजावी.