मागच्या दोन आठवड्यांत किती दिवस?

हुडकेश्वर काही वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायतीत होतं. आता ते नागपूर महापालिकेत आहे, आणि इथल्या गल्ल्यांतही आशाताईंचा 'सीबॅक' फॉर्म पोचतो. घरात तिशी ओलांडलेलं जे कोणी असेल, त्याचा फॉर्म भरायचा. तंबाखू खाता का, दारू घेता का, कमरेचा घेर किती (इथे टेप निघते आणि भलेभले पोट आत ओढतात), घरात कुणाला शुगर-बीपी आहे का, स्वयंपाक चुलीवर की गॅसवर. आणि अगदी शेवटी असे दोन प्रश्न येतात, जिथे टेप चालत नाही. मागच्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? उदास, निराश किती दिवस वाटलं? मुळीच नाही म्हटलं तर शून्य, काही दिवस म्हटलं तर एक, निम्म्याहून जास्त दिवस असेल तर दोन, जवळपास रोज असेल तर तीन. बेरीज तीनच्या वर गेली की दवाखान्यात पाठवायचं.

मला या दोन ओळींचं भारी नवल वाटतं. "मन नाही लागून राहिलं वो कशातच," असं कुणी दारात उभं राहून सांगतं आणि कागदावर एक आकडा पडतो. त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा, हे ठरवलं कुणी आणि कशाच्या जोरावर?

हे दोन प्रश्न म्हणजे नैराश्य ओळखायच्या 'पीएचक्यू-९' नावाच्या नऊ प्रश्नांच्या यादीतले पहिले दोन. कुर्ट क्रोएंके, रॉबर्ट स्पिट्झर आणि जॅनेट विल्यम्स यांनी २००१ साली अमेरिकेतल्या ६००० रुग्णांवरचा तिचा अभ्यास छापला. त्यातली गंमत ६००० मध्ये नाही, ५८० मध्ये आहे. एवढ्या जणांशी मानसिक आरोग्यातल्या तज्ज्ञांनी वेगळं, सविस्तर बोलून घेतलं, आणि बोलताना त्यांना फॉर्मवरचे आकडे ठाऊक नव्हते. मग दोन्ही निकाल शेजारी ठेवले. एकूण २७ पैकी १० ही रेघ धरली, तर बोलण्यातून ज्यांच्यात तीव्र नैराश्य दिसलं त्यांच्यातले ८८ टक्के लोक फॉर्मनेही पकडले होते. ज्यांना ते नव्हतं त्यांच्यातल्या ८८ टक्क्यांना फॉर्मने बरोबर सोडून दिलं होतं. म्हणजे दोन मिनिटांचा हा कागद शेकडो संभाषणांवर घासून घेतलेला आहे.

पण हे सगळे रुग्ण होते, आणि दवाखान्यात येणारा दिसतोच. न येणारा दिसायचा तर घरोघरी जाऊन विचारावंच लागतं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पात हेच झालं. फॉर्मनुसार ज्यांना नैराश्य होतं, त्यांच्यातले जेमतेम ४.३ टक्के लोक उपचारासाठी कुणाकडे गेले होते. गावातल्याच माणसांना हाताशी धरून काम केल्यावर हा आकडा २७.२ टक्क्यांवर गेला. पाहणी केली नसती तर आधीचा तो चार टक्क्यांचा अंधार कुणाला कळलाच नसता.

पण कागद स्वतःही बोलतो. जर्मनीत नॉर्बर्ट श्वार्त्स आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये लोकांना एवढंच विचारलं, की तुम्ही रोज टीव्ही किती वेळ बघता? काहींना दिलेले पर्याय अर्ध्या तासापासून सुरू होऊन 'अडीच तासांहून जास्त'वर संपत होते. दुसऱ्यांच्या फॉर्मवर पहिलाच पर्याय 'अडीच तासांपर्यंत' असा होता आणि पुढे साडेचारच्याही वर चढत जात होता. अडीच तासांहून जास्त बघतो असं पहिल्या गटातले १६.२ टक्के लोक म्हणाले, दुसऱ्यातले ३७.५ टक्के. टीव्ही तोच, प्रश्न तोच! रोजचे तास कोण मोजून ठेवतं? माणूस पर्याय बघतो, चारचौघं साधारण मधे कुठेतरी असतील असं धरतो आणि स्वतःला तिथेच आसपास बसवतो. फॉर्म करणाऱ्यांनी हा प्रयोग टेबलासमोर चिकटवून ठेवावा, असं माझं मत आहे.

मग फॉर्मपेक्षा समोरासमोर बोलणंच बरं? तेही इतकं सरळ नाही. १९७१ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या मानसोपचारतज्ज्ञांना मुलाखतींच्या त्याच चित्रफिती दाखवल्या होत्या. ब्रुकलिनमधल्या एका तरुणाला ६९ टक्के अमेरिकी डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया ठरवला, आणि ब्रिटिशांपैकी फक्त २ टक्क्यांनी. म्हणून मुलाखतीलाही शिस्त आली: ठरलेले प्रश्न, ठरलेला क्रम, उत्तराला ठरलेलं नाव.

शिस्तीने आकडे जुळू लागले. पण माणसाला जे सांगायचं होतं ते रकान्याबाहेर राहू लागलं. यावर एक तोड आपल्याकडे, मुंबईत घडली. कुष्ठरोग्यांच्या मनाचा अभ्यास करताना मिचेल वाईस यांनी 'एमिक' नावाची मुलाखत बांधली. तिची गुण देण्याची रीत मला फार आवडते. आधी मोकळं विचारायचं, की तुम्हाला काय होतंय, कशामुळे होतंय? माणूस आपणहून जे बोलेल त्याला दोन गुण. नंतर यादी वाचून 'हे होतं का?' विचारल्यावर हो म्हणाला, तर एकच. आणि या सगळ्यांत सर्वांत जास्त त्रास कशाचा, याच्या उत्तराला वरून आणखी तीन. न विचारता ओठांवर आलेलं दुप्पट वजनाचं! मोकळ्या गप्पा आणि आकडेमोड एकाच कागदावर नांदतात.

हीच मुलाखत पुढे पुण्याच्या केईएम रुग्णालयात वापरली गेली. वासुदेव परळीकर, वाईस आणि मोहन आगाशे (होय, 'घाशीराम कोतवाल' नाटकातले नाना फडणवीस) यांच्या गटाने थकवा-अशक्तपणाची तक्रार घेऊन आलेल्यांशी चार ओपीडींत बोलून घेतलं: मनोविकार, मेडिसिन, त्वचाविकार आणि आयुर्वेद. अशक्तपणा घेऊन माणूस कुठल्या दारात जाईल हे आधी ठरवता येत नाही, म्हणून ते चारही दारांत थांबले.

आधी मोकळं विचारायची रीत पुढे मोठ्या ग्रंथातही दिसते: अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या 'डीएसएम-५' या निदानग्रंथात २०१३ मध्ये १६ प्रश्नांची एक मुलाखत आली. तुमचा त्रास तुम्ही घरच्यांना, मित्रांना कसा सांगाल, हे ती रुग्णाला विचारते. छापण्याआधी ती सहा देशांत तपासली गेली होती, आणि भारतातल्या ठिकाणांत पुणेही होतं.