चमचाभर श्वासाचे गणित

शेवगाव, प्रतिनिधी : अकाली जन्मलेले बाळ रडले नाही, श्वासही घेईना, तर पहिल्या मिनिटातच मुखवटा व पिशवीच्या साह्याने त्याला कृत्रिम श्वास द्यावा लागतो. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हे तंत्र गावातील आरोग्यदूतांनाही शिकविले. त्यांच्या घरोघरच्या नवजात बालसेवेमुळे घटलेल्या बालमृत्यूंचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

मात्र, या उपचारात हाताचा अंदाज महत्त्वाचा. एक किलो वजनाच्या बाळाला एका श्वासात जेमतेम चमचाभर, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर हवा पुरते. पिशवीत ती २०० मिलिलिटरहून अधिक असते. पिशवी जोरात दाबली गेल्यास क्वचित फुप्फुसाला छिद्र पडून हवा छातीच्या पोकळीत साचते. सुधारत असलेले बाळ अचानक निळे पडते, छातीची एक बाजू कमी हलते. अशा वेळी सुईने ती हवा तातडीने काढावी लागते. हवा पोटात गेल्यास पोट फुगते. अतिशय विरळ प्रसंगी जठरही फाटते. प्राणवायूचा अतिरेक दृष्टिपटलास घातक ठरतो.

तरीही श्वास न देण्याचा धोका याहून कितीतरी मोठा आहे. शेवगावहून अहिल्यानगरचे जिल्हा रुग्णालय सुमारे ६० किलोमीटरवर आहे. म्हणूनच प्रवासात बाळाची ऊब टिकविणे, त्याच्या रंगाकडे व श्वासाकडे सतत लक्ष ठेवणे आणि पुढे महिनाभराच्या आत डोळ्यांची तपासणी करून घेणे, हाही जीवदानाचाच भाग होय.